डावी सीट देवरावकाकांची

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि तो मी कधी लपवला नाही. आजही भाजीवाल्यानं काटा उचलला की माझी नजर मेथीवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा बसवा म्हणून मीटिंगमध्ये पहिला हात माझाच वर गेला होता, आणि आता त्या कॅमेऱ्यातलं चित्र बसून कोण पाहतं याचा मला संशय आहे. सून म्हणते, "आई, तुम्ही पोलिसात असायला पाहिजे होतं." मी हसून सोडून देते. पण पोलीस निदान पुरावा तरी मागतात. मी एकदा पुराव्याआधी निकाल दिला होता, तोही माझ्या बाबांच्या कानात, आणि ही गोष्ट मी आजवर घरात कुणाला सांगितलेली नाही.

तेव्हा मी कॉलेजात होते आणि आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक गाडी तयार होत होती. तयार म्हणजे दुरुस्त नव्हे, पार मुळापासून. कामठीच्या छावणीतल्या एका लष्करी साहेबानं विलायतेहून मोटारीचा अख्खा संच मागवला होता. नळ्यांची चौकट, फायबरची बॉडी, चार चाकं आणि 'आता घरी जोडून घ्या' म्हणून सांगणारं एक जाडजूड पुस्तक. साहेबाची बदली झाली, खोकी धूळ खात पडली, आणि बाबांनी ती हातगाडीवर लादून घरी आणली. आई दारात उभी राहून म्हणाली होती, "बसाले एक धड खुर्ची नाही घरात, अन् हे लोखंड आणून राहिले." गाडी दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला पोट टेकल्यासारखी. इंजिन एका भंगारात निघालेल्या मोटारीचं, कागदपत्रंही तिचीच. बाबा एका वर्कशॉपात फोरमन. वेल्डिंग, जोडणी, वायरिंग सगळं त्यांना येत होतं, पण लेथवर त्यांचा हात बसत नव्हता. तो हात देवरावकाकांचा होता.

देवरावकाका म्हणजे बाबांचे आयटीआयपासूनचे दोस्त. उमरेडच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपात टर्नर होते. दर शनिवारी दुपारी ड्युटी संपवून एसटीनं यायचे, खांद्याला खाकी पिशवी, आणि साडेतीनच्या सुमारास फाटकातूनच ओरडायचे, "वहिनी, चहा टाका बापा, जीव चालला!" बाबा साडेपाचला घरी यायचे. तोवर काका शेडमध्ये गाडीपाशी एकटेच काहीबाही करत बसायचे. अंगानं दांडगे, रद्दीवाल्याच्या काट्यावर ब्याण्णव किलो भरले होते आणि त्या काट्यावरच त्यांचा विश्वास नव्हता. शनिवारी रात्री आई पाटवड्यांचा रस्सा करायची, त्यावर तेलाची लाल तर्री, आणि काका भाकरी कुस्करत म्हणायचे, "मधुकर, तुझी गाडी चालो न चालो, मी तर रश्श्यासाठी येतो गा." रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन दोघं कामाला लागायचे. माझे बाबा हडकुळे आणि अबोल. काका आले की मात्र बाबांचा आवाज शेजारपर्यंत जायचा. ठरलं होतं की गाडीची पहिली फेरी उमरेडला जाणार, काकांच्या दारात.

आता गाडीची उंची लावणं म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी भानगड तिथेच झाली. प्रत्येक चाकापाशी एक शॉकअप, त्यावर स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या बुडाशी आटे पाडलेली एक रिंग. रिंग पान्यानं वर फिरवली की गाडीचा तेवढा कोपरा उचलतो, खाली फिरवली की बसतो. चार कोपरे मापात नसले तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. मूळच्या रिंगा गंजून गेल्या होत्या म्हणून काकांनी चारही नव्या करून आणल्या होत्या, वर एक जास्तीची. पुस्तकात लिहिलं होतं की ज्यांना गाडीत बसायचं आहे त्यांना बसवूनच उंची लावा. म्हणून बाबा उजवीकडे स्टिअरिंगपाशी आणि काका डावीकडे बसायचे, आणि मी खाली वाकून मडगार्डच्या कडेपासून फरशीपर्यंत पट्टी लावायची. इंच आणि सूत असं माप सांगायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. काकांच्या वजनामुळे डावीकडच्या रिंगा बऱ्याच वर चढवाव्या लागल्या होत्या. दोघं बसले की गाडी कशी नाकासमोर सरळ, आणि काका उतरले की डावी बाजू टुणकन वर. हिवाळाभर माप एका सुताचंही हललं नाही. पट्टी माझ्या हातात होती म्हणून मला त्याची मोठी ऐट होती.

एप्रिल लागला आणि मागच्या खिडकीत कूलर बसला. नागपुरात ज्यानं उन्हाळा काढला त्याला ते वेगळं सांगायला नको. ओल्या वाळ्याचा वास, पंपाची घरघर, आणि टाकी भरली की बाजूनं वाहणारं पाणी. ते जास्तीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून आईनं एक नळी शेडच्या मागच्या कोपऱ्याशी नेऊन सोडली होती. तिथे तिनं लिंबाचं रोप लावलं होतं. त्याच दिवसांत शेडचं दार फरशीला घासायला लागलं. उघडताना असं काही करकरायचं की दात आंबायचे. आई रोज म्हणायची, "अहो, दार घासून राहिलं, जरा रंधा मारा त्याले." बाबा रोज 'हो' म्हणायचे. आणि एका शनिवारी संध्याकाळी बाबा आणि काका गाडीत बसले, मी पट्टी लावली, तर डावी मागची बाजू दोन सूत खाली. बाबांनी रविवारी रिंग फिरवून बरोबर केली. पुढच्या शनिवारी पुन्हा दोन सूत खाली. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन.

बाबा म्हणाले, स्प्रिंग बसली असेल.  काका, एरवी सतत बडबड करणारा माणूस, रिंगेवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मला ते खटकलं. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आठवडाभर शेडला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला. शनिवारी ते उघडतं काकांसाठी. साडेतीन ते साडेपाच गाडीपाशी कोण? काका. बाकी कुणी फिरकतं का? नाही. बरं, गाडी बिघडवून काकांना काय मिळणार? त्याचंही उत्तर मला मिळालं. धरमपेठेतल्या कापड दुकानाचे एक शेठ दोनदा येऊन गाडी मागून गेले होते. बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. आणि एका शनिवारी कॉलेजातून येताना मी काय पाहावं? बसस्टँडजवळच्या टपरीवर तेच शेठ आणि आमचे देवरावकाका, हातात चहाचे ग्लास, डोक्याला डोकं लावून बोलताहेत. काकांनी मला पाहिलं नाही. घरी येऊन मी पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, कुंदे, कुंपणच शेत खातंय.

त्या वेळी मी गप्प बसले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. बाबा मोरीवर हात धूत होते तेव्हा मी सगळं ओकले. दोन तासांचं, टपरीचं, शेठचं. "गाडी सरळ होत नाही म्हटल्यावर तुम्ही कंटाळून विकाल, असं असेल त्यांच्या मनात," हे वरचं तिखटमीठही माझंच. बाबा साबण धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "देवराव असा नाही वं." पण म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला होता, आणि मला, खरं सांगते, जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या शनिवारी मी कॉलेज बुडवलं. शेडच्या टिनाला एक फट होती, तिला डोळा लावून बसले. काकांनी गाडीची डावी मागची बाजू जॅकवर चढवली, शॉकअप सोडवला, घामानं निथळत रिंग काढली, तिच्या जागी जास्तीची रिंग बसवली, सगळं होतं तसं केलं. काढलेली रिंग त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि इकडेतिकडे पाहून पिशवीत लुंगीच्या घडीत खुपसली.  बाबांची सायकल वळली तशी मी फाटकातच त्यांना गाठलं. "पिशवीत रिंग आहे. मी डोळ्यांनी पाहिलं."

काका बैठकीत चहा पीत होते. बाबांनी सायकल लावली, आत आले, आणि ती खाकी पिशवी उचलून पालथी केली. वीस-बावीस वर्षं जुन्या दोस्ताची पिशवी. आतून लुंगी पडली, टॉवेल पडला, काकूंनी आमच्यासाठी दिलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी फडक्यात बांधलेली निघाली, आणि ते वर्तमानपत्र. बाबांनी ते उलगडलं.

"हे काय आहे, देवराव?"

काकांनी कप खाली ठेवला. "आटे घसरून राहिले असं वाटलं मले. खाणीत नेऊन मापून पाहातो म्हटलं. तिच्या जागी जास्तीची लावली मी."

"मग मले सांगाले काय झालतं? लपवून काहून?"

"माझं काम खोटं निघालं असतं, तर आधी मलेच कळावं म्हटलं." काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "लाज वाटली गा."

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण माझं विष बाबांच्या पोटात आठवडाभर मुरलं होतं. ते म्हणाले, "लाज वाटली, का त्या धरमपेठच्या शेठले दाखवाची होती?"

 काका उठले, लुंगीची घडी केली, टॉवेल ठेवला, पिशवी खांद्याला लावली. रिंग आणि बरणी तशीच पाटावर राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारात बेसनाचे हात घेऊन उभी होती. "वहिनी, आज जेवत नाही," एवढंच बोलून त्यांनी चप्पल घातली. आई म्हणाली, "भावजी, असं उपाशी नका जाऊ ना." फाटकाची कडी वाजली आणि संपलं. त्या रात्री पाटवड्यांच्या रश्श्यात भाकरी बुडवून ठेवून बाबा बराच वेळ नुसते बसून होते, आणि आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. आयांना कळतंच.

रविवारी बाबांनी माप घ्यायचं काढलं. डावीकडे बसवायला माणूस नाही, मग आईनं वर्षासाठी भरून ठेवलेल्या गव्हाचं पोतं आणलं. वर लोखंडाचे तुकडे ठेवून काकांच्या वजनाइतकं केलं. "बसवा, माझा गहू पण बसवा गाडीत," आई म्हणाली. मी उंची लावून दिली आणि रिंगेवर, शॉकअपवर मिळून नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. रिंग केसभर जरी फिरली तरी रेघ तुटणार. शेडला कुलूप लावलं. या खेपेला किल्ली मी माझ्या उशीखाली ठेवली. मला सिद्ध करायचं होतं की काका नाहीत म्हणजे आता माप हलणार नाही.

शनिवार आला. साडेतीन वाजले तेव्हा फाटकातून कुणी चहा मागितला नाही. बाबा आले, पोतं बसवलं, स्वतः बसले. मी पट्टी लावली. लाल रेघ अखंड होती. आणि माप दोन सूत खाली होतं. मी पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.  क्षणभर वाटलं, बरोबर आहे म्हणून सांगून टाकावं. कोण बघतंय? पट्टी तर माझ्याच हातात. तेवढ्यात बाबांनीच विचारलं, "किती?" मी म्हटलं, "दोन सूत खाली." बाबा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून गव्हाच्या पोत्याशेजारी बसून राहिले.

करकर करत दार ढकलून आई चहा घेऊन आली. दार अर्ध्यावर अडकलं, चहा बशीत सांडला, आणि तिचा पारा चढला. "दीड महिना झाला बोंबलून राहिले मी! देवरावभावजींवर शक घेतला, आता या दाराले कोण वाकडं करून राहिलं तेही सांगा. का तेही शेठच येऊन करतात?"

बाबा दाराकडे बघायला लागले. दारानं फरशीवर अर्धगोल ओरखडा काढला होता, आणि तो ओरखडा मागच्या कोपऱ्याकडे जाता जाता खोल होत गेला होता. कोपऱ्यापलीकडे आईचं लिंबाचं रोप, त्याच्याशी कूलरची नळी, आणि ओली गच्च जमीन. बाबा गाडीतून उतरले. गवंड्यांसारखी एक पारदर्शक नळी पाण्यानं भरली, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि चारही चाकांखालची फरशी पाण्याच्या पातळीशी ताडून पाहिली. डाव्या मागच्या चाकाखालची जमीन चांगली दीड इंच उचलली होती. चाक वर ढकललं गेलं होतं, स्प्रिंग दाबली जात होती, आणि मी त्या वाकड्या फरशीवर पट्टी टेकवून माणसं मोजत होते.

"काळी माती," बाबा म्हणाले आणि मटकन खाली बसले. नरखेडकडच्या शेतात त्यांचं सगळं बालपण गेलेलं. पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात भेगाळते ती माती त्यांना कुणी शिकवायला हवी होती का? दर उन्हाळ्यात आमच्या वस्तीत कुणाचं ना कुणाचं दार अडकायचं आणि सगळे म्हणायचे, माती आहे बापा. पण गाडी म्हटल्यावर आम्ही स्प्रिंगवर शक घेतला, रिंगेवर घेतला, माणसावर घेतला. पायाखाली कुणी पाहिलं नाही. बाबा रडत होते. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मग कूलरची नळी हलवली, चाकांखाली पत्र्याचे तुकडे सरकवून चारही चाकं एका पातळीत आणली, आणि पोतं बसवून पुन्हा उंची लावली. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी आम्ही उमरेडला निघालो. बाबा उजवीकडे, मी डावीकडे. माझं वजन काकांच्या निम्मंही नव्हतं, त्यामुळे गाडी उमरेडपर्यंत डावीकडून वर आणि उजवीकडे कललेली गेली. लोक वळून वळून बघत होते. मी म्हटलं, "बाबा, डाव्या रिंगा जरा उतरवायच्या होत्या." ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "ती सीट देवरावची आहे."

काका दारातच दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही, आधी गाडीकडे पाहिलं. खाली बसले, मडगार्डखाली बोटं घातली. "डावी चढली आहे."

"तू बसत नाही ना," बाबा म्हणाले, "म्हणून चढली."

काका उठले नाहीत. बाबांनी खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढून त्यांच्यापुढे धरली. "तुझे आटे केसभर घसरले नाहीत. माझी फरशी उठली गा. चुकलं माझं, देवराव. पाय धरतो."

"फरशी उठली?" काकांनी पुडी घेतली नाही. "नाचता येत नाही तर अंगण वाकडं, असं सांगून राहिला का मले?"

"चाल, दाखवतो वाकडं अंगण."

काकांनी मडगार्डवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "शेठनं त्याच्या जीपच्या रिंगा कराले सांगतल्या होत्या मले. मी म्हटलं, दोस्ताच्या गाडीतल्या आधी नीट बसू दे, मग पाहू. तुले कोणी सांगतलं शेठचं?"

मी गाडीतच बसून होते. हातभर अंतरावर. बाबा माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "माझंच डोकं सडलं होतं," ते म्हणाले.

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं.  काका पुढे पुष्कळ वर्षं जगले, माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिले, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन फिरले. सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही.

काकांनी उरलेली दाढी केली, शर्ट घातला. "मले ती फरशी माझ्या डोळ्यानं पाहाची आहे. तुझा भरवसा नाही आता," ते बाबांना म्हणाले, आणि मला म्हणाले, "उतर वं कुंदाबाई." गाडी दोघांचीच. मी उतरले, ते बसले, आणि गाडी हळूच खाली येऊन सरळ झाली. काकूंनी माझ्या हातात लोणच्याची दुसरी बरणी दिली आणि मला एसटी स्टँडवर सोडायला आल्या. दोघं मित्र मागे राहून पुन्हा एकदा बॉनेट उघडून बसले होते.

मला खिडकीची जागा मिळाली. उमरेड मागे पडल्यावर थोड्या वेळानं मागून ओळखीचा हॉर्न वाजला. ती बुटकी गाडी आमच्या बसशेजारी आली. बाबा काहीतरी मोठमोठ्यानं सांगत होते. काकांनी मान वर करून एकेक खिडकी शोधली, मी दिसल्यावर हात बाहेर काढून हलवला, आणि ओरडले, "घरी ये लवकर, वहिनीले रस्सा टाकाले सांगतो!" मांडीवरची बरणी सावरायचं निमित्त करून मी मान खाली घातली. वर पाहिलं तेव्हा गाडी पुढे निघून गेली होती, आणि मागून तिच्या दोन्ही बाजू एका रेषेत दिसत होत्या.